सरदारकन्येचे वैर कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले क्रमशः कादंबरीचे प्रकरण वाचले. सरदारकन्या आणि ती कारकुनाची मुलगी अखेर समोरासमोर आल्या, आणि भांडल्या कशावरून, तर नायकाच्या धाकट्या भावावरून! शेजारच्याच चौकटीत आपल्या समीक्षकांनी त्याला ‘स्त्रीसुलभ असूयेचे मनोज्ञ चित्रण’ म्हणून शाबासकी दिली आहे. माझी तक्रार दोघांबद्दल आहे, समीक्षकांबद्दल जास्त.

सुरुवातीच्या प्रकरणांत लेखकांनी मांडणी किती नेटकी केली होती! पेशवे दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या ताब्यातल्या ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत. देशी शिपाई फितूर होतील या धास्तीने पहाऱ्यावर सगळे गोरे नेमलेले. त्यामुळेच मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठी गाण्यातून बाहेरचे निरोप देत राहिला आणि पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळले नाही. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटले. एवढे इतिहासाने दिलेले आहे. त्यामागचे गुप्त मंडळ लेखकांनी कल्पिले, त्याला माझी काहीच हरकत नाही. सरदारकन्येचा वाडा कल्याणला ठेवला हेही योग्यच केले. साष्टी, म्हणजे ठाण्याचे बेट, इंग्रजांकडे जाऊन चाळीस वर्षे उलटली होती, कल्याण मात्र अजून पेशव्यांकडे होते. खाडी ओलांडली की अंमल बदलायचा. म्हणून तर ती नावेतून ठाण्यात महागिरीच्या काठाला लागायची तेव्हा वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागत होता.

आणि दोघींचे वैर! मोतद्दाराने म्हणायच्या ओळी सरदारकन्येने रचल्या, कारण पोवाडे ऐकत ती वाढली. पहारा कधी बदलतो ही बातमी दुसरीकडे, कारण तिचा बाप इंग्रजांच्या कचेरीत कारकून. आता नायकाने निसटण्याचा दिवस ठरवायचा तो कुणाच्या शब्दावर? सरदारकन्येला वाटते, जिच्या घरी इंग्रजांचा पगार येतो तिच्या हाती माणसाचा जीव कसा द्यायचा? दुसरीला वाटते, सरंजामाला धक्का लागला की सरदारांची निष्ठा कुठे जाते ते आम्ही पाहिले आहे. दोघींचेही खरे आहे. अशा जागी माणसे एकमेकांची वैरी होतात. एवढे सगळे हाताशी असताना त्या धाकट्या भावाची गरजच काय होती?

समीक्षकांना ‘स्त्रीसुलभ’ म्हणायचेच असेल तर त्यांनी ताराबाई आणि राजसबाई आठवाव्यात. दोघी एकाच राजाच्या राण्या. राजसबाईंनी १७१४ मध्ये ताराबाईंना कैदेत टाकून कोल्हापूरच्या गादीवर आपला मुलगा बसवला, तेव्हा राजाराम महाराजांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. भांडण राज्याचे होते. आपल्या इतिहासातल्या बायका राज्यासाठी भांडल्या, मग कादंबरीतल्यांना ते का जमू नये?

मला हे इतके लागले त्याचे कारण सांगते. कॉलेजात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. १९०९ चे नाशिक, अभिनव भारत या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळाचे दिवस. येसूवहिनी सावरकरांनी तिथे बायकांची संघटना उभी केली होती हे वाचले, आणि तेव्हापासून त्या बायका डोक्यातून जाईनात. माझ्या नाटकात दोन मुली, एक इनामदारांची, एक भिक्षुकाची. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध झाला आहे, घरोघर झडत्या सुरू आहेत, आणि मंडळाचे कागद कुठे ठेवायचे यावरून दोघींत जुंपली आहे. इनामदारांची म्हणते, आमच्या वाड्यात फौजदार चपला काढून येतो, तिथे ठेवा. भिक्षुकाची म्हणते, तुमच्या वाड्यात नोकर किती आणि त्यांना जिभा किती! आमच्याकडे सोवळ्याची पेटी आहे, तिला घरचे लोकसुद्धा हात लावत नाहीत. शेवटचा प्रवेश ठाण्याच्या तुरुंगाबाहेर होता, १९ एप्रिल १९१०, त्या वधासाठी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना झालेल्या फाशीचा दिवस. ज्या भिंतीवरून मी रोज कॉलेजला जात होते तीच भिंत.

स्पर्धा संपल्यावर एका परीक्षकांनी मला बाजूला बोलावले. म्हणाले, संवाद बरे आहेत, पण दोन मुली भांडताहेत आणि मुलगा कुठे आहे? एक तरुण क्रांतिकारक घाल, दोघींचा जीव त्याच्यावर दाखव, मग बघ टाळ्या. मी म्हटले, सर, भांडण कागदांवरून आहे. ते हसले. “बायका कागदांवरून भांडत नाहीत गं.” भिक्षुकाची मुलगी झालेली माझी मैत्रीण शेजारीच उभी होती, रंग न उतरवता. नाटकातल्या कागदांचे पुडके अजून तिच्या काखेत होते. ती एक शब्द बोलली नाही, पण पुढच्या वर्षी काम करायला आलीही नाही. आणि पुढच्या वर्षी आमच्या नाटक बसवणाऱ्या सरांनी तो क्रांतिकारक घातलाच. मी माझे नाव काढायला लावले. प्रयोग झाला, टाळ्याही पडल्या.

इतक्या वर्षांनी तेच वाक्य आपल्या समीक्षकांच्या लेखणीतून, फक्त जरा भारी शब्दांत, पुन्हा वाचायला मिळाले. म्हणून हे पत्र.

लेखकांविषयी मला आदर आहे. त्यांना एवढेच सांगायचे आहे की निसटण्याची रात्र अजून यायची आहे. भाऊ राहिला तरी चालेल, पण दिवस कोणी ठरवला हे त्या दोघींमध्येच सुटू द्या. बारा तारीख कारकुनाच्या मुलीने सांगितली आणि ती गाण्यात बसवायला सरदारकन्येला स्वतःची ओळ मोडावी लागली, असे काही घडले तर त्या मत्सराच्या प्रवेशापेक्षा ते शतपटीने जिव्हारी लागेल. वाचनालयात आम्ही चारपाच जणी दर सोमवारी यावर वाद घालतो. नायकाचा भाऊ कोणाला मिळणार हे आजवर एकीनेही विचारलेले नाही.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात एका रविवारी कादंबरीच्या जागी घोडबंदर रोडवरच्या टॉवरची पानभर जाहिरात होती. पुढच्या रविवारी ते प्रकरण येईल असे वाटले, तर थेट त्यापुढचेच छापून आले. सरदारकन्या मंडळाची शपथ घेते ते प्रकरण ठाणे आवृत्तीत आलेच नाही. मला ते पुण्याच्या बहिणीकडून पानाचा फोटो मागवून वाचावे लागले. आपल्या कार्यालयात फोन केला तेव्हा ‘जागेअभावी’ असे उत्तर मिळाले. शपथ कोणत्या अटीवर घेतली हे ज्यांना कळले नाही, त्यांना कालचे भांडण आणखीच पोरकट वाटले असणार. ते प्रकरण येत्या रविवारी ठाणे आवृत्तीत छापावे, आणि जागा कमी पडत असेल तर समीक्षकांच्या चौकटीची घ्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
चरई, ठाणे (प.)