खेळ बुडाले, कंपन्या उभ्या राहिल्या

संपादक महोदय,

नवउद्योजकांच्या यशोगाथांत त्यांचे फसलेले प्रयत्न एखाद्या ओळीत उरकले जातात, म्हणून कॅनडाच्या स्टुअर्ट बटरफिल्ड यांच्या कारकिर्दीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तत्त्वज्ञान शिकलेल्या या गृहस्थांना खरे तर ऑनलाइन खेळच तयार करायचा होता. पहिला खेळ तडीस जाईना, तेव्हा त्याच कामातून त्यांनी कॅटरिना फेक यांच्यासह २००४ मध्ये ‘फ्लिकर’ हे छायाचित्रांचे संकेतस्थळ उभे केले आणि पुढच्याच वर्षी ते याहूने विकत घेतले. तरीही खेळाचे वेड सुटले नाही. २०११ मध्ये आलेला ‘ग्लिच’ पुरेसे खेळाडू न मिळाल्याने २०१२ च्या अखेरीस बंद पडला, बहुतेक सहकाऱ्यांना कामावरून कमी करावे लागले. मात्र वेगवेगळ्या शहरांतून काम करणाऱ्या त्या मंडळींनी आपसांतील संवादासाठी जी व्यवस्था स्वतःपुरती तयार केली होती, तिचेच पुढे ‘स्लॅक’ हे कार्यालयीन संदेशांचे सॉफ्टवेअर झाले. ते चालवणारी कंपनी सेल्सफोर्स या बड्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये सुमारे २,७७० कोटी डॉलरना घेतली. ‘ग्लिच’ बुडाल्यावर उरलेले पैसे परत करण्याची तयारी बटरफिल्ड यांनी दाखवली असता, गुंतवणूकदारांनीच ते नव्या कामात घालण्यास सांगितले. विक्रीच्या आकड्यापेक्षा मला हाच तपशील मोलाचा वाटतो.

— एक वाचक, पुणे