"सर, किती टक्के चालतं?"

संपादक साहेब, नमस्कार.

एमए, पीएचडीची पोरं हल्ली मार्गदर्शकाला पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर दुसऱ्याच्या लेखनाशी जुळलेला चालतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द, हे तोंडपाठ असतं, पण नीट संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण त्या टक्क्यांत धरायचंच नाही असंही त्याच नियमात आहे ते कोण वाचतो! मग काय, शोधगंगेवरचा, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला, एखादा प्रबंध उघडायचा, 'महत्त्वाचे'च्या जागी 'मोलाचे' टाकायचं, वाक्य मागेपुढे करायचं, की साम्य शोधणारं सॉफ्टवेअर खुश. अहो पण विचार तर दुसऱ्याचाच राहिला ना? मला तरी हे सरळ कॉपीपेक्षा वाईट वाटतं, कारण इथे मेहनत घेऊन लपवलेलं असतं. मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, ते द्या, उतारा जसाच्या तसा अवतरणात टाका आणि खाली तुम्हाला काय पटलं नाही ते दोन ओळीत का होईना लिहा. आणि सरांनीही नुसता टक्केवारीचा रिपोर्ट बघून सही करू नये, चार तळटीपा काढून पोराला विचारावं, बाबा हे पुस्तक तू कुठे वाचलंस?

- एक निवृत्त प्राध्यापक, सातारा