तिसऱ्या रिंगच्या आत

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

रिसेप्शनवर रुजू झालीस, फार बरं वाटलं. पण “नुसते फोनच तर घ्यायचे आहेत” असं म्हणालीस ते मला पटलं नाही. डायलिसिस सेंटरचा फोन आहे तो. जतहून, विट्याहून आठवड्यातून दोन-तीनदा सांगलीला येणारी माणसं सकाळी फोन करतात ती “मशीन चालू आहे ना? माझा नंबर कितीला?” एवढं विचारायला. तू सांगितलंस की मग ती एसटी पकडणार. फोन वाजत राहिला तर गाडी जाते, पुढची मिळेपर्यंत पाळीही जाते. आधीच थकलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्यात वाया जातो.

मी टेलिफोन बोर्डावर होते तेव्हा तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा दंडक होता. आपल्याकडे लँडलाइनची रिंग म्हणजे दोनदा ट्रिंग आणि मग दोन सेकंद शांतता, असा तीन सेकंदांचा फेरा. तीन फेरे म्हणजे नऊ सेकंद. शिवाय पलीकडच्याला ऐकू येते ती रिंग एक्स्चेंजची असते, तुझ्या टेबलावरची नव्हे. तुझी घंटी वाजायच्या आत त्याची एखादी होऊनही गेलेली असते. त्याआधी दोनदा एंगेज लागला असेल तर तो किती वेळ ताटकळलाय, विचार कर. उत्तर मिळालं नाही तर लँडलाइन ६० सेकंद वाजावी असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१९ मध्ये ठरवून दिलंय. ती मुदत कंपन्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

लवकर उचलायची तयारी फोन वाजायच्या आधीच होते. फोन डाव्या हाताला, वही-पेन उजव्या, पाळ्यांचं रजिस्टर उघडं. शेजारणीशी चाललेलं बोलणं रिसीव्हर उचलायच्या आत थांबव, अर्धं वाक्य पलीकडे ऐकू जातं. नुसतं “हॅलो” म्हणू नकोस. आधी सेंटरचं नाव, मग तुझं. म्हातारी माणसं “कोण बोलतंय? दवाखानाच ना?” यातच घोटाळतात.

आणि होल्ड. पटकन उचलून “एक मिनिट हं” म्हणत संगीत ऐकवत बसवणं याला मी फोन घेणं म्हणत नाही. त्यापेक्षा चौथ्या रिंगला उचललेला बरा. दुसरी लाइन वाजली तर पहिल्याला विचार, “थांबाल का जरा?” त्याचं “हो” येऊ दे, मगच बटण दाब. थांबणं जमणार नसेल तर नंबर लिहून घे आणि दहा मिनिटांत उलटा फोन कर. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचं, १५ जानेवारी २०२१ पासून तसा नियम आहे. नवी मुलं विसरतात आणि नंबर चुकीचा आहे म्हणून सोडून देतात.

रिकाम्या टेबलावर फोन वाजत असेल तर तो आपल्या जागेवरून ओढून घ्यायचा कोड असतो. प्रत्येक ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजचा, वेगळा, तेव्हा ज्याने बसवलाय त्यालाच विचार आणि चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटव.

जेवणाच्या सुट्टीत फोनवर कोण बसतं, हे तुझ्या पत्रात कुठेच नव्हतं. कोणी बसत नसेल तर उद्याच मॅडमशी बोल, दोघी-दोघींनी आळीपाळीने जेवा. काय ठरलं ते कळव.

तुझी,
आई