दादरच्या ग्रंथालयातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका. बाबांना घेऊन तुमच्याकडे येऊन गेल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

आधी जिथे गेलो तिथलं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. एका मोठ्या संस्थेत “सगळं स्कॅन केलंय, कॉम्प्युटरवर बघा” म्हणून बोळवण झाली. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला! दुसरीकडे साहेबांनी मोबाइलमधून मान वर न करता संशोधक असल्याचं पत्र मागितलं. बाबा तोवर काठीच्या आधाराने उभे. बसा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

आणि मागणं केवढंसं! आजोबा मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात जुळारी होते. जन्मभर संस्कृत ग्रंथांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले, पण त्यातला एकही ग्रंथ घरात आला नाही. विकत घ्यायचा कशातून? तिथलं एखादं पुस्तक एकदा हातात धरायचं, एवढीच बाबांची इच्छा.

तुम्ही आधी खुर्ची सरकवलीत, मग पुस्तक काढलंत. नंतर तुमच्या दोघांच्या गप्पा काय रंगल्या! निर्णयसागर काढणाऱ्या जावजी दादाजींनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासले, हे बाबांनी सांगितलं. खिळ्यांसाठी अक्षरं कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंच्या हातामुळे निर्णयसागरचं अक्षर देशभर नावाजलं गेलं, ही भर तुमची. १८६९ साली छापखाना निघाला, १८८६ पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला येऊ लागली, १८९२ साली जावजी गेले, तरी कोलभाट लेनमधल्या त्या छापखान्याचं काम चालूच राहिलं. वेगवेगळ्या वर्षांची पुस्तकं उघडून तुम्ही शीर्षकपानांवरची प्रकाशकांची नावं वाचून दाखवलीत: तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, पुढे चाळीसच्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग. त्या काळी संस्कृत ग्रंथांवर प्रकाशक म्हणून एका बाईचं नाव! मला हे ठाऊकच नव्हतं. जुळाऱ्यांची नावं मात्र छापत नसत.

पण काका, खरे आभार त्यानंतरचे. आजोबांच्या काळातलं, पांडुरंग जावजींचं नाव असलेलं पुस्तक बाबांच्या मांडीवर होतं. ते पानावरून तळवा फिरवत होते आणि हाताला काहीच लागत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, तसा तुम्हालाही दिसला असणार. मागून अर्धं कोरं असलेलं एक पान तुम्ही शोधलंत, पुस्तक नीट टेकवलंत आणि बाबांची तर्जनी धरून त्या कोऱ्या जागेवर ठेवलीत. “इथं, बाबा. हळू.” पलीकडच्या ओळींचा दाब तिथे बारीक उठला होता. बोट ओळीवरून सरकलं, अडलं, पुन्हा मागे आलं. “दाब बेताचा आहे. मशीनमन जाणता होता,” बाबा म्हणाले, अगदी आजोबांच्या थाटात. मग कितीतरी वेळ बोललेच नाहीत. दिवे मालवायला आलेल्या शिपायाला तुम्ही नुसत्या हाताने थांबवलंत.

ते पान आजोबांनीच जुळवलं होतं का, कोण सांगणार? बाबांना तो प्रश्नच पडला नाही.

नियम तुमच्याकडेही असतीलच. पण समोरच्याला काय हवंय ते आधी बघायचं आणि रजिस्टर मागाहून उघडायचं, ही रीत आताशा फार कमी ठिकाणी दिसते. तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणून म्हाताऱ्या माणसाचा हात धरून या शहरात लोकलने निघायचा धीर होतो.

बाबांनी आजोबांची कंपोझिंग स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, माळ्यावरून काढायला लावली आहे. ती तुम्हाला दाखवायची आहे. येत्या शनिवारी दुपारी येतो. आईने डिंकाचे लाडू केलेत, ते मात्र घ्यावेच लागतील.

तुमची,
एका जुळाऱ्याची नात