ऐन भातकापणीत बंदुका जमा कशाला?

महोदय,

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आम्हां कोकणातल्या परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा म्हणून नोटिसा येतात. २०२४ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. तेव्हा आमच्याकडे भात कापणीला आलेले असते, आणि हे रानडुकराला सांगावे लागत नाही. एका रात्रीत अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवून ठेवतो.

मुळात ही हत्यारे कसली? माझी बंदूक आजोबांची, ठासणीची. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायची. एवढे करून बार एकच. केप ओली झाली तर तोही नाही. असल्या बंदुकीने मतदान केंद्र कोण ताब्यात घेणार? आजोबांच्या काळी हाका घालून, म्हणजे आरडाओरड करून रान उठवून, डुकराची पारध व्हायची, घरोघरी वाटे जायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपले. (चोरून करणारे आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही.) आता राखणीला बार काढतो, तोही हवेत.

१९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. निवडणूक आयोगही छाननी समितीने परवाने तपासून ठरवावे, असेच सांगतो. मग सरसकट नोटिसा का? ज्याच्यावर गुन्हा आहे त्याची बंदूक जरूर घ्या. बाकीच्यांना निदान कापणी उरकू द्या.

— एक शेतकरी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग