दाजींच्या काठ्या भिंतीला नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमचे दाजी गेले. गोव्यात, तिसवाडी तालुक्यात गळ टाकून बसणाऱ्या बहुतेकांना दाजी म्हणजे कोण हे सांगावे लागणार नाही; इतरांसाठी एवढेच, की ते गळाच्या बांबूच्या काठ्या करत. नाव छापून यायला घरच्या मंडळींची ना आहे, म्हणून नुसते दाजीच लिहितो.

शोकसभेला गर्दी होती, भाषणेही मनापासून झाली. पण दोघातिघांनी अशी सूचना केली की दाजींनी केलेल्या काठ्या गावोगावहून गोळा कराव्यात आणि कुठेतरी काचेच्या कपाटात ठेवाव्यात. त्यानंतर आठवडा गेला नाही तोच कुणी एक गृहस्थ हॉटेलच्या सजावटीसाठी या काठ्या चांगली किंमत देऊन घ्यायला घरोघर फिरत असल्याचे कळले. या दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. तो नोंदवायला हे पत्र.

काठी मागायला गेलेल्याला दाजींचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘खंय बसतलो?’ (कुठे बसणार?) लांबी, किंमत हे सगळे नंतर. रायबंदरच्या कॉजवेवर उभा राहणार, दिवाडीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर, की खाजनातल्या (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर? उधाणाच्या मोठ्या भरतीला जाणार की भांगाच्या लहान भरतीला? पाठीमागे काठी फिरवायला जागा आहे की खारफुटी? मग मासा कोणता, हे. यातल्या कशाचेच उत्तर नसेल तर ते चहा पाजत आणि आधी पाणी बघून ये म्हणून वाटेला लावत. पैसे पुढे करणाऱ्यालासुद्धा. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी सभेत हसत हसत सांगितल्या गेल्या, पण त्यात तऱ्हेवाईक असे काही नव्हते.

मानशीच्या दगडांना चिकटून काळुंदर ही मासळी फिरते. तोंड एवढेसे, आमिष चाखून सोडून देणारे. तिथे आखूड, हलकी आणि शेंड्याला बारीक काठी हवी, नाहीतर मासळीने कधी खाल्ले ते हाताला कळतच नाही. शेवटा या माशाचे ओठ नाजूक. ताठ काठीने झटका दिलात की गळ रिकामा परत येतो. तांबसा या माशाचे उलटे. तो कालवे (धारदार शिंपले) लागलेल्या खडपात नाहीतर खारफुटीच्या मुळांत दबा धरून असतो आणि गळ लागताच तोंड फिरवून आत घुसतो. दोन हात तंगूस (गळाची दोरी) जरी जास्त सुटली तरी कालवांच्या धारेवर ती गेलीच म्हणून समजा. त्याला काठी ताठ पाहिजे, वाकली तर वरच्या तिसऱ्या हिश्शातच वाकणारी. आणि चोणक हा मासा पाण्याबाहेर उडी घेतो, डोके झाडतो. त्या झटक्याला काठी पोटातून, अगदी मुठीपर्यंत वाकत गेली तरच गळ तोंडात टिकतो. दुकानातल्या काठीवर हे सगळे आकड्यांत आणि अक्षरांत छापलेले असते. दाजी काठीचा बुंधा जमिनीला टेकवून शेंडा दोन बोटांनी खाली ओढत, सोडत, आणि चाकूने आणखी एक पापुद्रा काढत.

चोणकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा मासा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी तोच मादी होतो. म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला नदीच्या मुखाकडे निघालेले मोठमोठे चोणक बहुतेक माद्याच. दाजींना हे कुणी सांगितले होते कोण जाणे, पण पावसातला मोठा, पोट फुगलेला चोणक पाण्यात परत सोडावा असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. ऐकणारे थोडेच होते. बाजारातला चोणकाचा भाव पाहता मी कुणाला दोष देत नाही.

आता कळकाबद्दल. त्यांचा भर माणग्यावर. सिंधुदुर्गात आणि आपल्याकडे होणारा हा बांबू जवळपास भरीव असतो, काटे नसतात. तीन पावसाळे पाहिलेला, तोही दिवाळीनंतरच तोडायचा आणि शक्यतो अमावास्येच्या आसपास, हा त्यांचा नेम. अमावास्येचे मला ठाऊक नाही, पण बाकीच्या नेमात तथ्य आहे. कोवळ्या बांबूत, विशेषतः कोंब फुटायच्या दिवसांत, साखर आणि पिष्ट जास्त असते आणि भुंगेरे त्याच्याच मागे येऊन आतून पीठ पाडतात. म्हणून तोडलेले बांबू दगड ठेवून काही आठवडे व्हाळाच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मग सावलीत सुकवायचे, मग करवंट्यांच्या निखाऱ्यावर एकेक पेर शेकून लाकडी खाचेत दाबून सरळ करायचे. शेवटी काजूबियांच्या टरफलांचे तेल. होड्यांच्या फळ्यांना आपल्याकडे लावतात तेच. ते तेल कातडी पोळते. दाजींच्या बोटांची टोके कायम काळी आणि सोललेली असत. तोडण्यापासून हातात येईपर्यंत एक काठी सहज वर्ष घेई. घाई करणाऱ्याला ते म्हापशाच्या बाजारातून प्लॅस्टिकची घे म्हणत, आणि तेही रागाने नव्हे.

परसातलाच बांबू, पण तो वाहून नेणे एकेकाळी जिकिरीचे होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोडे. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला, तेव्हा गवताला गवत म्हणायला सरकारला नव्वद वर्षे लागली असे म्हणत दाजींनी त्या दिवशी दुकानावर आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला.

एकदा सासष्टीतल्या एका जुन्या वाड्यातून त्यांच्याकडे दुरुस्तीला विलायती काठी आली होती. बांबूच्या सहा तिकोनी कांबी काढून त्या सरसाने एकमेकींना चिकटवायच्या म्हणजे षट्कोनी काठी तयार होते, ती जात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर अशा काठ्या करत, आणि त्यासाठीचा बांबू जाई आपल्या कलकत्त्याहून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चीनचा टोंकिन बांबू धरला. दाजींनी ती काठी बरेच दिवस ठेवून घेतली, सुटलेला सांधा बसवला, पितळी जोड घासूनपुसून दिला आणि परत केली. तशी एक करून बघा, असा आग्रह आम्ही धरला. त्यांचे म्हणणे, भरीव माणगा दारात असताना आधी फोडायचा आणि मग चिकटवायचा, हा उद्योग ज्यांच्याकडे माणगा नाही त्यांचा. यात थोडा अभिमान होता, थोडे खरेही होते. चिकटवलेली काठी कुठे किती वाकावी हे कारागिराला फार बारकाईने ठरवता येते, हेही तितकेच खरे. पण दाजींशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नसे.

कार्बनच्या काठ्यांचा मात्र त्यांनी कधी तिरस्कार केला नाही. तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्या) मंडळींनी आणलेली रिळे आणि काठ्या त्यांच्याकडे दुरुस्तीला ढिगाने असत. तुटलेला शेंडा कापून तंगूस ओवायची नवी रिंग दोऱ्याने आवळून बसवून देत आणि देताना एकच ताकीद : कार्बनमधून वीज जाते, विजेच्या तारांखाली ही उचलायची नाही, आभाळ गडगडायला लागले तर खाली ठेवून सरळ घरी जायचे. आजच्या मुलांना हे कोण सांगते?

तर कपाटाबद्दल. दाजींची काठी तिच्या पाण्यावरून उचलून दिव्याखाली आडवी टांगली की पाहणाऱ्याला दिसणार एक पिवळी काठी आणि तांबडा दोरा. ती अशी का वाकते हे काचेतून दिसत नाही. वातानुकूलित हवेत बांबू सुकून तडकतो ते वेगळेच. आणि हॉटेलच्या भिंतीवर तर ती होडीचे वल्हे आणि फाटके जाळे यांच्या रांगेत जाऊन बसेल.

जपण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्याबद्दल सभेत कुणी अवाक्षर काढले नाही. दाजींनी वही कधी ठेवली नाही. त्यांच्या पडवीच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आणि चाकूच्या खुणांनी सगळी मापे आहेत : काठीची लांबी, दर वितीला जाडी, रिंगा कुठे. प्रत्येक मापापुढे गिऱ्हाइकाऐवजी जागा लिहिलेली आहे. अमुक मानस, तमुक धक्का, कॉजवेचा अमुक खांब. त्यातल्या काही जागा आता बुजल्या, काहींवर भिंती आल्या. कुणा संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला खरोखर काही करायचे असेल तर पाऊस लागायच्या आत येऊन त्या दाराचे नीट फोटो घ्यावेत, मापे उतरवून घ्यावीत. दार मात्र उचकटून नेऊ नये, कारण ते अजून वापरात आहे.

ते असे. दाजींचा भाचा दिवसा नोकरी करतो, पण रिंगा बसवणे, दोरा बांधणे, तेल देणे त्याला चांगले येते. नवी काठी करायला तो अजून धजत नाही. दुरुस्तीची कामे तो श्रावणात घेणार आहे, मामासारखीच, कारण त्या महिन्यात आमच्यासारख्यांच्या काठ्या तशाही घरी असतात. ख्रिस्ती मंडळींनी मात्र लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या, आधी द्याव्यात; तेव्हा मांस वर्ज्य असल्याने मासळी लागते आणि नंतर त्यांनाच खोळंबा होतो. देताना तंगूस आणि शिसे काढून द्यावे. तोवर काठी कोपऱ्यात तिरपी टेकवून ठेवू नये, बांबू त्याच बाकात बसतो आणि मग निखाऱ्याशिवाय सरळ होत नाही. शेंड्याकडून खुंटीला उभी लोंबती ठेवावी, तीही चुलीपासून लांब.

आपला,
एक वाचक, रायबंदर