पाइप कापायच्या आधी

नागपूर

प्रिय सुध्या,

पत्र आणि तुझ्या डॅटसन दोनशे चाळीस झेडचे फोटो मिळाले. काय देखणी गाडी घेतली बे! २३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, ते लांब बॉनेट, आणि १९७२ची असून मागचा पत्रा शाबूत. काकूंना रविवारी धरमपेठेत जाऊन फोटो दाखवले. "एवढ्या मोठ्या गाडीत दोघंच बसतात?" एवढंच म्हणाल्या, पण फोटो ठेवून घेतला.

पण तू मागची बाजू खाली करायला निघालास, म्हणून आजच लिहितोय. तुझा मेकॅनिक म्हणतो तशा नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकू नकोस. गाडी दीड इंच खाली बसली की शॉकअपचा रॉड उभ्या गाडीतच तेवढा आत गेलेला असतो. खड्ड्यात चाक वर यायला जी जागा होती, तीच संपली. रॉड शेवटाला बसवलेल्या बंप रबरवर आदळला की मागची बाजू एकदम कडक होते, आणि हे भर वळणावर झालं तर मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून शॉकअप ज्यात बसतो तो उभा पाइप कापून आखूड करतात आणि परत वेल्ड करतात. गाडी जितकी खाली, साधारण तितका पाइप आखूड, आणि त्यात बसेल असं आखूड इन्सर्ट, म्हणजे पाइपात सरकवायचा तयार शॉकअप. गेलेली जागा त्याने परत मिळते.

कापायचाच असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. या गाडीला मागेही स्ट्रटच आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब, लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७मध्ये आपल्या रेसच्या गाडीला लावला त्या पद्धतीचा. खालचा आर्म आणि हा पाइप मिळूनच चाक उभं धरतात. लीफ स्प्रिंगच्या गाडीत शॉकअप गेला तर गाडी नुसती डुलते. इथे वेल्डिंग सुटलं तर चाकच आडवं होईल.

तुझ्यासाठी म्हणून परवा हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तसल्याच पाइपचे तुकडे जोडून पाहिले. कडांना ग्राइंडरने उतार दिला, लोखंडी अँगलच्या खोबणीत दोन्ही तुकडे क्लॅम्पने आवळले आणि टिग वेल्डिंगने समोरासमोर चार टाके मारले. मग थोडं भरायचं, थंड होऊ द्यायचं, विरुद्ध बाजूला भरायचं. दुसऱ्या तुकड्यावर मुद्दाम सलग गोल फिरवायला लावलं, तर तो इतका ओढला गेला की तपासायला आत घातलेली सळई मध्येच अडकली. नंतर चांगला जोड उभा चिरला. धातू मुळापर्यंत वितळला होता, पण आतल्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी लोंबत होता. तेवढा मणीही इन्सर्ट अडवतो; तो घासून काढावाच लागतो.

वेल्डिंगआधी चाकाचं बेअरिंग आणि सील काढ. पाइपातलं जुनं तेल सगळं काढून आतून धू, कोरडा कर. तेलकट पाइपाला आच लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पाइपाच्या वरच्या तोंडाच्या आट्या जपायला इन्सर्ट दाबून धरणारा जुना नट लावूनच ठेव. सगळं झाल्यावर इन्सर्ट आपल्या वजनाने बुडापर्यंत गेलं पाहिजे, आणि नटाने इन्सर्टच दाबलं पाहिजे. नट आधीच पाइपाच्या तोंडावर टेकला तर आत इन्सर्ट खडखडत राहील.

खरा घाम खालची आडवी स्पिंडल पिन काढेल, खालचा आर्म स्ट्रटला जोडणारी. इतक्या वर्षांत ती गंजून चिकटलेली असणार. आतापासूनच रोज तेल सोडत जा, आणि आट्यांवर थेट हातोडा मारू नकोस, नट चढवून मार. गाडी खाली आली की चाकंही वरून आत झुकतात, तेव्हा अलाइनमेंट लागेलच.

दीड इंचाच्या पुढे जाऊ नको, एवढं माझं ऐक. आणि करवत हातात घ्यायच्या आधी धूळटोपी वर सरकवून रॉडला एक प्लास्टिकची टाय आवळ, रोजच्या रस्त्यावर गाडी फिरव. टाय कुठवर सरकली त्याचं दोन्ही बाजूंचं माप मला कळव. किती कापायचं ते त्यावरूनच ठरवू.

तुझा,
विन्या